मूठ वर केली की थांबायचं

अण्णा, आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. श्रावण सरताना तुम्ही मला ज्या डोंगरावर न्यायचात, चाकणच्या मागच्या त्याच डोंगरावर मी आज जाऊन आलो. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या पत्रा दाबायच्या प्रेसनं तुमचे कान नेले होते. "माझा आवाज केवढा निघतोय मलाच कळत न्हाई, पाखरं पळतील," असं म्हणून रानात शिरताना तुम्ही तोंड मिटायचात आणि प्रेसवरच्या खुणांनी बोलायचात. मूठ वर म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे हळू. तुमची मूठ वर जाते, मी उचललेला पाय तसाच धरतो, आणि करवंदीच्या जाळीत हिरवा सरडा एक डोळा पुढे, एक मागे फिरवत बसलेला असतो. घरी मला सारखी धास्ती असायची, कडी लावली का, गॅस बंद आहे का. तिथे नसायची. वेळेवर तुम्ही थांबवाल, हे पक्कं ठाऊक असायचं.

आज सोबत थेरगावची एक मुलगी होती आणि तिचा भाऊ. आधीच्या दोन स्थळांनी 'मुलगा बोलतच नाही' म्हणून नकार कळवला होता, त्यामुळे या वेळी हॉटेलात समोरासमोर बसण्याऐवजी मीच डोंगर सुचवला. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. तुम्ही गेलात आणि नववीत माझी शाळा सुटली, हेही त्यात होतं. ऐनवेळी काहीच आठवेना. भाऊच बोलत होता, "राव, हॉटेलात निदान चहा तरी मिळाला असता." ती खाली बघून चालत होती. मला वाटलं, हेही स्थळ गेलं.

ओढ्याच्या वळणावर माझी मूठ आपोआप वर गेली. ती जागच्या जागी थांबली. ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं पंख मिटून, दाटीनं बसून पाणी पीत होती. मी तळहात खाली केला, ती हळूच उकिडवी बसली. एक फुलपाखरू तिच्या बाहीवर आलं. बराच वेळ आम्ही तसेच होतो, आणि गप्प असल्याची मला लाज वाटली नाही. मागून भाऊ बडबडत आला, तर तिनं वळूनही न बघता मूठ वर केली. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच शाळेचं सांगून झालं. ती हळू आवाजात म्हणाली, "ते माहीत होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

संध्याकाळी होकाराचा फोन आला. आईनं तुमच्या फोटोपुढे साखर ठेवली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी शुद्धलेखन दोनदा तपासलंय. एक सांगायचं राहिलं. उतरताना तिनं विचारलं, ही खूण कुठे शिकलात? मी 'कंपनीत' एवढंच म्हणालो. तुमचं नाव घेतलं असतं तर माझा आवाज केवढा निघाला असता, मलाच कळलं नसतं.