बिनटोचणीच्या बाळ्या

विटा, १९७६

पलूसकर व्याही लालासाहेब यांस सयाजीचा रामराम.

बारशात तुम्ही बजावलंत, "आवं पाव्हणं, नातवाचं कान आजोळानंच टोचायचं!" मान तुमचा. पण मिरजेच्या, रक्ताचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलंय, बाळाचं रक्त लवकर गोठत नाही. सुई लावली तर ते वाहतच राहील. यात माझ्या पोरीची, अंजनाची, चूक नाही. दुखलंखुपलं की लगेच दवाखान्यात आणलं, तर पोरगं शाळेत जाईल, बोहल्यावर चढेल, असं बाई ठामपणे म्हणाल्या.

सोनं गाळता गाळता घडणकाम मी कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो. कार्यापुरत्या बाळ्या घडवल्यात. त्या कानात नुसत्या अडकतात, टोचत नाहीत की दाबत नाहीत. प्रत्येक कड मी स्वतःच्या ओठावरून फिरवून पाहिली. बाईंनीही होकार दिलाय.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही पत्रं ओट्यावर मोठ्यानं वाचता, आळी गोळा होईल आणि पोरीला बोल लागेल. उद्या मीच ते घेऊन येतो, मनातल्या मनात वाचा. बाळ्या तुमच्या हातानं घाला. पोरगं रडलं नाही तर माझं कसब, हसलं तर तुमचा हात.

तुमचाच,
सयाजी