घरच्या ब्रेडची खूण

३ मार्च, सोमवार
बेकरीच्या ब्रेडचा वीट आला. दुधात बुडवला की लगदा, भाजला की पुठ्ठा. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला आज चार गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, की हा ब्रेड नव्हे, कापूस आहे, आणि या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही. तो नुसता बरं साहेब म्हणाला. उद्धट माणूस.
संकल्प: यापुढे ब्रेड घरीच. मी स्वतः.

५ मार्च, बुधवार
पहिला ब्रेड. फुगला नाही. यीस्ट जुनं असणार. मुलीने तो दार आपटू नये म्हणून दाराला लावला. दार तसूभर हललं नाही. म्हणजे बांधा चांगला आहे.

६ मार्च, सकाळी ७
पिठाला ऊब हवी, म्हणून काल ऑफिसच्या कोटात गुंडाळून ठेवलं. फुगलं. बाहीत शिरलं. ती आंबट चिकट घाण खरवडताना शिसारी आली. दुसरा कोट नाही.

सायंकाळी
शेजारच्या टेबलावरच्या बाई दिवसभर नाकाला रुमाल लावून होत्या. लोकांना कष्टाचा वास सोसत नाही.

९ मार्च, रविवार
जमलं! बायको म्हणाली होती, भाजणं तुमचं, कापणं माझं, सकाळी आयतं ताटलीत मिळेल. आज मिळालं. मऊ, जाळीदार, खरपूस. स्लाइस जाड आणि वाकडेतिकडे, घरच्या ब्रेडची हीच तर खूण. चार खाल्ले. आपल्या हातच्या ब्रेडचं समाधान काही वेगळंच. त्या कापूसवाल्याची कीव आली.

१२ मार्च, बुधवार
रोज तसाच उत्तम. आता मोजमापही करत नाही. काल मीठ घालायचं विसरलो, तरी सकाळी चव बरोबर. याला हातगुण म्हणतात.
ताई आणि भाऊजींना शनिवारी पाचला चहाला बोलावलं. मागे मी गिटार शिकायचा संकल्प केला, तेव्हा भाऊजींनी जन्मभराचं हसून घेतलंय. आता म्हणावं, खा आणि मग बोला.

१५ मार्च, शनिवार, दुपारी ४
सासूबाईंना बरं नाही म्हणून बायको पहाटेच माहेरी गेली. त्यामुळे आज कापणंही माझ्याकडे. सुरी आत गेली ती बाहेर येईना. ओढून काढली तर आत करडी, कच्ची खळ, आणि वास ओल्या मोज्यांचा. किळस आली. सुरी बोथट आहे, पण एवढी? पाच वाजायला तासभर राहिला. भाऊजी वेळेआधी येतात.

४.४०
तोंडाला रुमाल बांधून बेकरीत गेलो. त्याने लगेच ओळखलं. मी काही मागायच्या आत कागदात बांधलेला ब्रेड पुढे केला. म्हणाला, साहेब, आज वहिनी आल्या नाहीत, म्हणून तुमचा रोजचा राहिलाय. त्यांनी सांगितलंय तसाच कापलाय, जाड आणि वाकडा.