बीजाणूंचा रंग

सर,

खापा गावाच्या पुढच्या सागवानात आपल्याला ती अळंबी सापडली, तेव्हा तुमच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तुम्ही गुडघे टेकून खुरपीनं माती सोडवत होता. मी घाईनं टोपीलाच हात घातला तर ओरडलात, "मुळासकट काढ वं! नुसती टोपी पाहून नाव ठेवता येत नाही." प्रयोगशाळेत आणल्यावर मी टोपी कागदावर पालथी ठेवली, वर काचेचं भांडं झाकलं. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटला होता. सगळं त्याच्या रंगावर अडलं होतं. फिकट गुलाबी असला तर आपल्या रानातली नेहमीची जात, पांढरा असला तर आजवर कोणी न नोंदवलेली. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कागद खिडकीशी धरून तुम्ही विचारता, "पांढराच आहे नं? तुझे डोळे चांगले आहेत, पाहून सांग मले." ठसा गुलाबीसर आहे. फार नाही, पण आहे. तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी म्हणते, "हो सर, पांढराच."

त्या जातीला तुम्ही माझं नाव दिलंत, लॅटिन शेपूट लावून. त्या नावामुळेच मला इथं नोकरी लागली. आज विभागप्रमुख म्हणून तुमच्याच खोलीत बसते. तुम्ही वारलात तेव्हाही खरं बोलले नाही.

मागच्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीनं त्या सुकवलेल्या नमुन्याचा डीएनए तपासला. नेहमीचीच जात निघाली. ती संकोचून म्हणाली, "मॅडम, सरांले नीट दिसत नव्हतं म्हणतात. त्यानंच झालं असन." मी मान डोलावली. तिनं त्यावरच्या शोधलेखातही तसंच लिहिलं, संशोधकाची दृष्टी अधू असल्यानं रंग चुकला म्हणून, आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे ठेवला. आठवडाभर तो पर्समध्ये घेऊन फिरले. खरं लिहावं तर इतक्या वर्षांचं माझं सगळंच खोटं ठरतं. सही करावी तर तुमच्या डोळ्यांवर ठपका कायमचा छापला जातो. शेवटी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'मूळ नोंदीत रंगाची चूक झाली.' कोणाकडून झाली ते लिहिलं नाही. लेख परवा छापायला गेला.

सर, तुम्ही असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. परवापासून स्टाफरूममध्ये कोणी तुमच्या डोळ्यांचा विषय काढला की मी चहा सांगायला बाहेर जाते.