तीन रेघांचा बोल्ट

१५ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, म्हणजे फायर हॉलमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारचे तळलेले मासे. आमच्या लेकीच्या, मार्सीच्या, होणाऱ्या सासरच्यांशी पहिली भेट. कोबीची कोशिंबीर पाणचट. एमिल सबोल, म्हणजे नवरामुलगा केंटचा बाप, आमचा होणारा व्याही, जन्मभर पोलादाच्या मिलमध्ये भट्टीवर होता. जेवण झाल्यावर त्याने खिशातून सहा इंची खिळा काढला, चामड्याच्या तुकड्यांत दोन्ही टोकं गुंडाळली, छातीशी धरला आणि दुमडून डोरीनच्या ताटाजवळ ठेवला. अजून गरम होता. डोरीनने तो लगेच पर्समध्ये टाकला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझी कुठली भेट तिने एवढ्या घाईने पर्समध्ये टाकल्याचं आठवत नाही.

मार्सी एमिलकडे बघत होती. सहा वर्षांची असताना ती माझ्याकडे असं बघायची. मी म्हणालो, मीही वाकवतो. खिळे नाही, बोल्ट. का म्हणालो कुणास ठाऊक. फायर चीफ शेजारच्याच टेबलावर होता. तो ओरडला, मग ठरलं, लग्नाच्या पार्टीत दोन्ही बाप एकेक बोल्ट वाकवणार, केक कापायच्या आधी! एमिलने विचारलं, लाइल, कितीचा वाकवतोस? मी म्हणालो, नेहमीचाच. तो म्हणाला, म्हणजे तीन रेघांचा. मी म्हणालो, तोच.

लग्न ८ जूनला. बारा आठवडे आहेत. भरपूर झाले.

१६ मार्च, शनिवार.
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बोल्टच्या डोक्यावर रेघा असतात. एकही नसली तर मऊ, तीन असल्या तर कडक, सहा असल्या तर फारच कडक. हे मला ठाऊक होतंच, फक्त खात्री करून घेतली.

कार्यक्रम: मार्चअखेर खिळा. एप्रिलअखेर बिनरेघी बोल्ट. पंधरा मेपर्यंत तीन रेघांचा. उरलेले दिवस विश्रांती आणि छोटं भाषण.

चामडं हवं होतं. ऑफिसची ब्रीफकेस कापली. रिटायर झाल्यावर तिचा उपयोग नव्हताच.

१७ मार्च.
खिळा हलला! नीट पाहिलं तर ब्रीफकेसचा तुकडा सरकला होता. खिळ्याचं डोकं तळहातात रुतलं. गॅरेज थंड आहे, थंडीत पोलाद आखडतं. ऊन वाढेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

२३ मार्च, शनिवार.
ऊन वाढलं. खिळ्यावर परिणाम नाही. दुकानात तक्रार करून आलो की हे खिळे गरजेपेक्षा जास्त मजबूत आहेत. दुकानदार म्हणाला, चाळीस वर्षं हे काउंटर सांभाळतोय, खिळा वाकतो म्हणून भांडायला रोज येतात, वाकत नाही म्हणून आलेला तू पहिलाच. मागच्या रांगेतले लोक हसले. ग्राहकाशी बोलायची ही पद्धत नव्हे.

दुसऱ्या पेटीतले खिळे घेतले.

२ एप्रिल, मंगळवार.
आज वाकला. नक्की. खिळा टेबलावर ठेवला, तर मध्यभागाखालून पोस्टकार्ड आरपार गेलं. दोन पोस्टकार्डं नाही गेली. डोरीन म्हणाली, टेबलच मध्ये खचलंय, तुझ्याच हाताने बसवलंस ना ते. मी वाद घातला नाही.

घरात एकूणच सहकार्य कमी. लोणच्याची बरणी उघडून दे म्हणाली. सांगितलं, सध्या हात राखून ठेवायचे आहेत. तिने स्वतःच उघडली. एका झटक्यात. झाकण आधीच सैल असणार.

१० एप्रिल.
कार्यक्रमात बदल. खिळ्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पार्टीत कुठे खिळा वाकवायचाय? थेट बोल्टवर.

११ एप्रिल.
पुन्हा खिळा.

२० एप्रिल, शनिवार. दुपारी ४.
मोठा दिवस! तळघरात शिडी शोधताना एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब चोवीस सळया. कसलीही खूण नाही, म्हणजे मिलमधलं जुनं अस्सल पोलाद. तेलकट. तेलाला किंचित व्हॅनिलाचा वास, तेव्हाची वंगणं वेगळी असतील. पहिली सळई अर्ध्या मिनिटात वाकली. दुसरी त्याहून लवकर. एकूण चौदा वाकवल्या! थांबलो ते केवळ शिस्त म्हणून. सगळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या आहेत. डोरीन बाजारातून आली की बघेल.

संध्याकाळी ६.
डोरीनने बघितल्या. पिशव्या खाली ठेवल्या, एक सळई उचलली. मग म्हणाली, लाइल, ह्या माझ्या लेडी लॉकच्या सळया आहेत, मऊ ॲल्युमिनियमच्या. माझ्या बापाने मिलमध्ये कापून घासून आईला दिल्या होत्या. ह्यांच्यावर पीठ गुंडाळून भाजायचं, भाजलं की कुकी सरळ ओढून काढायची आणि आत क्रीम भरायचं. आता ह्या वाकड्या सळईवरून काढू कशी, तुझं डोकं फोडून? लग्नात पाहुण्यांसाठी मांडायच्या कुकी टेबलावर आपल्याकडचे चाळीस डझन लेडी लॉक आहेत, सोमवारपासून भाजून फ्रीझरमध्ये टाकायचे आहेत, आणि तू चौदा सळया वाकवून माझ्यापुढे मांडतोस?

मी म्हणालो, डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, व्हॅनिलाचा वास आला नाही का तुला?

तिचं रडू पाहून वाईट वाटलं. लगेच सळई सरळ करून देतो म्हणालो. ती सरळ होण्याऐवजी दुसऱ्या बाजूला वाकली.

२१ एप्रिल, रविवार.
चर्चहून आल्यावर डोरीनने एमिलला फोन केला. मला विचारलं नाही. एमिल आला, कॉफी घेतली आणि गवत कापायच्या यंत्राबद्दल बोलत बोलत चौदा सळया गुडघ्यावर सरळ केल्या. प्रत्येक सळई खिडकीकडे धरून एक डोळा मिटून बघायचा. कॉफी गार व्हायच्या आत काम संपलं. सरळ करणं वाकवण्यापेक्षा बरंच सोपं असतं.

मार्सीही होती. डोरीनने तिला सगळं सांगून टाकलं. मार्सी हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

एमिल माझ्या हातांकडे बघत होता. म्हणाला, अंगठ्याला सूज आहे रे. मी म्हणालो, सरावाची. त्याने आणखी कॉफी मागितली. निघताना मार्सी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली आणि दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले. लग्नाचं काहीतरी असेल.

६ मे, सोमवार.
दवाखाना. डॉक्टरीण म्हणाली, ह्या वयात असा अंगठा पहिल्यांदाच बघतेय. पुढे म्हणाली, महिनाभर हाताने काही ओढू, दाबू, पिळू नका. वाकवण्याचा तिने उल्लेख केला नाही.

११ मे, शनिवार.
मार्सी जेवायला आली. म्हणाली, डॅड, तुला ते बोल्टचं करायलाच हवं असं नाही. हात दुखतोय म्हणून सांग, कुणाला काही वाटणार नाही. मी म्हणालो, मिलमधली माणसं माघार घेत नाहीत. ती म्हणाली, डॅड, तू पगार खात्यात होतास. अगदी हळू म्हणाली.

पगार खातं मिलच्या फाटकाच्या आत होतं. मी सेफ्टीचे बूट घालून जायचो. सगळ्या गावात मी मिलचाच माणूस. पण हे तिने आजवर कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. फार लागलं. तिला डाळिंबाचं सरबत आवडतं म्हणून आणलं होतं, ते द्यायचं राहून गेलं.

तिला म्हणालो, आठ जूनला बघ. ती म्हणाली, बघेन.

१८ मे, शनिवार.
मार्सी दिवसभर एमिलकडे. शेडमध्ये पार्टीच्या खुर्च्या रंगवतायत म्हणे. संध्याकाळी आली तेव्हा हात कोपरापर्यंत काळे आणि एका भुवईचे केस करपलेले. मी म्हणालो, लग्नाला तीन आठवडे राहिलेत, चेहरा जप. काळ्या खुर्च्या मला तरी लग्नात चांगल्या दिसणार नाहीत, पण माझं कोण ऐकतं?

३१ मे.
आजवरची प्रगती: खिळा, तीन पोस्टकार्डं. बिनरेघी बोल्ट, एक पोस्टकार्ड (पातळ). तीन रेघांचा, अजून हात लावलेला नाही. ताकद साठवत आहे. माणसं समोर असली की अंगात वेगळाच जोर येतो, हे सगळेच सांगतात.

७ जून.
भाषण पाठ झालं.

खरं सांगायचं तर भीती वाटते. डोरीनला सांगितलं नाही. मार्सीच्या लग्नात दोनशे माणसांसमोर मी तोंड लाल करून उभा आणि बोल्ट जसाच्या तसा, हे डोळ्यांपुढून जात नाही. पडेन अंगठा मोडून, पण वाकवेन.

८ जून, शनिवार. हॉलमधून आल्यावर.
वाकवला!

जसं घडलं तसं लिहितो. फायर चीफने माईकवर आमची नावं घेतली. एमिलने कोटाच्या दोन्ही खिशांतून एकेक बोल्ट काढला. त्याचा चकचकीत. मला दिलेला काळपट, कळकट. वाईट वाटलं, पण लग्नात कुठे कटकट करायची? डोक्यावर तीन रेघा होत्या, मी अंगठ्याने चाचपून पाहिल्या. एमिल कानाशी म्हणाला, छातीशी घट्ट धर, पहिला जोर सगळा लाव, थांबू नकोस. स्पर्धकाला सल्ला देणं हा त्याचा मोठेपणा.

लावला जोर. क्षणभर काही नाही. मग तो हलला. मला जाणवलं, खरोखर हलला. चाळीस सेकंदांत दोन्ही टोकं जवळ आली. लोक टेबलं बडवायला लागले. मार्सीने तोंडावर दोन्ही हात धरले होते आणि डोळ्यांतून पाणी. ती माझ्याकडे बघत होती. तसंच, सहा वर्षांची असल्यासारखं. भाषण मी विसरलो.

एमिलचा बोल्ट अर्धाच वाकला. मानेच्या शिरा फुगल्या, घामाने शर्ट भिजला, शेवटी त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आज लाइल जिंकला. बिचारा. सत्तरीकडे झुकलाय. त्याला म्हणालो, पकड सुधार, मी शिकवेन. तो हो म्हणाला.

लेडी लॉक सगळे संपले. डोरीन माझ्याबरोबर दोन गाणी नाचली.

१० जून, सोमवार.
पोरं नायगाराला पोचली. मी फायर हॉलमध्ये जाऊन जुलैच्या जत्रेच्या यादीत नाव घातलं: लाइल हुडाक, हाताने पोलाद. प्रात्यक्षिक आणि नवशिक्यांसाठी वर्ग. सहा रेघांचा बोल्ट. चीफ म्हणाला, उद्याच पोस्टर छापायला टाकतो.

१३ जून, गुरुवार.
दुकानातून तीन रेघांचे सहा बोल्ट आणले. एकही हलला नाही. पोस्टकार्डसुद्धा नाही. पार्टीतला हलला होता तसं ह्यांच्यात काहीच जाणवत नाही. माल खराब असावा. दुकानदाराला उद्या जाऊन सांगतो.

१५ जून, शनिवार.
डोरीनने पोस्टर पाहिलं. मिक्सर बंद केला, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, लाइल, दुकानात जाऊ नकोस, त्या माणसाची काही चूक नाही. मार्सीने मला शपथ घातलीय, पण जत्रेत तुझं हसं झालेलं मला बघवणार नाही.

मग तिने सांगितलं. मार्सी त्या शनिवारी एमिलच्या शेडमध्ये खुर्च्या रंगवत नव्हती. तिने बोल्ट लालभडक होईपर्यंत भट्टीत धरला, राखेत पुरून सावकाश गार होऊ दिला, आणि मग पुन्हा तेच. असं केलं की पोलादाचा कडकपणा जातो. भट्टी एमिलची, पण हात तिने त्याला लावू दिला नाही. पहिला बोल्ट फारच मऊ झाला, एमिलने दोन बोटांनी वाकवला, तेव्हा ती म्हणाली, इतका सोपा नको, डॅडला कळेल. तिसरा जमला. एमिलच्या हातातला चकचकीत होता तो सहा रेघांचा. तसला बोल्ट आजवर कुणाकडूनच अर्धासुद्धा वाकलेला एमिलने पाहिला नव्हता.

मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, आधीपासून. मी विचारलं, आणखी कुणाला? ती म्हणाली, फक्त आम्हा तिघांना, आणि तसंच राहील.

गॅरेजमध्ये जाऊन बसलो. रडलो, लिहायला हरकत नाही. आपल्या हाताला काही जमत नाही याचं फार दुःख नव्हतं. लग्नाला तीन आठवडे उरले असताना माझी पोर त्या धगीपुढे दिवसभर उभी होती.

१६ जून, रविवार. सकाळी ११.
फादर्स डे. नायगाराहून मार्सीचा फोन. मागे धबधब्याचा आवाज, ओरडून बोलत होती. म्हणाली, डॅड, तुझा बोल्ट सामानात बरोबर आणलाय, केंटने हॉटेलातल्या सगळ्यांना दाखवला. मग म्हणाली, फार कडक होता ना रे? मी म्हणालो, फार. शेवटपर्यंत वाटत होतं की होत नाही. ती म्हणाली, मला दिसत होतं, मी बघत होते ना.

फोन ठेवून फायर हॉलमध्ये गेलो आणि यादीतलं माझं नाव खोडलं. चीफ म्हणाला, पन्नास पोस्टरं छापून झालीत, आता काय करू त्यांचं? मी म्हणालो, अंगठा. पियेरोगीच्या, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांच्या, कढईवर माणूस कमी होता, तिथे नाव लिहून आलो.