लीनाची काळी पिशवी

शनिवार, ६ मार्च २००४
सूनबाई लीना इथे आखातातल्या कॉलेजात कचरा शिकवते. म्हणजे कमी कसा करायचा ते. त्याचा पगार मिळतो! आमच्या सासूबाई फुकट शिकवायच्या, वर लाटणं दाखवायच्या. असो.

पुढच्या शनिवारी कॉलेजच्या मोठ्या बाई, असमा त्यांचं नाव, लीनाच्या वर्गात बसणार. पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर घरी. लीनाने आणि तिच्या वर्गातल्या पोरींनी आठवडाभराचा घरचा कचरा वर्गात नेऊन तोलायचा. तिने स्वयंपाकघरात काळी पिशवी लावली. "आई, यातलं काही फेकू नका हं."

मी कशाला फेकते.

सोमवार, ८ मार्च
पिशवीत दोडक्याच्या शिरा! तीळ घालून चटणी केली. माझा रविकांत दोन पोळ्या जास्त जेवला. लहानपणी दोडका म्हटलं की पळायचा. जॅमच्या बाटलीत मेथ्या भरल्या. लबानच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, डब्यात कोथिंबीर पेरली.

गुरुवार, ११ मार्च
रविकांतच्या जुन्या बनियनची चार फडकी झाली. छान दिवस.

शनिवार, १३ मार्च
लीनाने सकाळी पिशवी उचलली. तळाला टूथपेस्टची नळी, तीही मी कापून पुसून घेतलेली.

"आई, कचरा कुठंय?"

"वापरला."

तिने पिशवीत हात घालून पाहिलं. "मी तोलू काय आता?"

तशीच शेजारी अमिरुन्निसाकडे गेले. लोक वाटीभर साखर मागतात, मी कचरा मागितला. मला मावशी मानते ती. म्हणाली, "खाला, जितना चाहिए ले जाओ." गच्च पिशवी दिली. लीना ती घेऊन पळाली.

रविवार, १४ मार्च
लीना आज बोलली. काल वर्गात सगळ्यात जड पिशवी तिचीच. सात किलो. वर बाळाची फेकायची लंगोटं. असमाबाई म्हणाल्या, "घरात बाळ आहे?" नाही म्हटलं आणि मग हिने सगळं सांगून टाकलं. बाई एवढंच म्हणाल्या, मंगळवारी घरी येते, खरी पिशवी बघायला.

लीना जेवली नाही. मीही भात ठेवला. सकाळी फोडणीचा करीन.

मंगळवार, १६ मार्च
असमाबाई आल्या. काळी पिशवी उलटी करून झटकली. कोथिंबिरीचा वास घेतला. चटणी तीनदा मागितली. जाताना लीनाशी इंग्रजीत बोलल्या, मला एक कागद दिला.

बुधवार, १७ मार्च
लीनाची नोकरी राहिली. सोमवारचा तास मी घ्यायचा, पाहुणी म्हणून, बिनपगारी. कागद लीनाने भरला. शिक्षण – चौथी. अनुभव – मला न विचारताच तिने लिहिलं, पन्नास वर्षं.