घाटातला देव आणि अर्धा क्लच

उपकेंद्र, जिवती तालुका
१२ ऑक्टोबर २०२४

ती. डोमामामास,
दामिनीचा सा. न. वि. वि.

नेटवर्कसाठी टाकीवर चढावं लागते. तिथं लटकून तुमच्या शिव्या ऐकण्यापरीस पत्र बरं.

गाडीची क्लचप्लेट जळाली. चार महिन्यांत दुसरी! स्वप्निलदादा म्हणतो, आणखी एक जळली तर गाडी विकून टाकीन. मग मी आहे अन् दिवसाची एकच बस आहे. बाळंतपणाचा निरोप आला का नर्सबाईनं बसची वाट पाहत बसावं? दिवाळीत आईले वर आणाचं आहे, तवा दादा बाजूले बसून परीक्षा घेणार.

मी तर सावकाशच चालवतो. घाटातल्या देवापुढं थांबून हात जोडतो, बस्स. गाडी बंद मात्र करत नाई. इथी तो अपशकुन मानतेत.

तुमची,
दामिनी

पोंभुर्णा
१९ ऑक्टोबर २०२४

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

बांबूचा ट्रक बावीस वर्षं हाकला, पण असा भक्त पाह्यला नाई. डावा पाय क्लचवर अर्धा, उजवा रेसवर, अन् गाडी चढावर अधांतरी! हा नमस्कार आहे का सर्कस? तितका वेळ आत प्लेट घासून राह्यली ना बाई. चटणी पाट्यावर वाटावी, प्लेटीची काऊन वाटतं?

देव जगाचा भार वाहतो. तुया गाडीचा हँडब्रेकनं वाहावा. तो ओढ, गाडी बंद कर, खाली उतरून दोन्ही हात जोड. निघताना पहिला गेर टाक, क्लच हळू सोड, गाडी जोर लावू लागली का हँडब्रेक सोड. मग क्लचवरून पाय पुरता काढ. तो पाय ठेवाचा पाट नव्हे. इंजिन कण्हलं तर खालचा गेर टाक.

अपशकुनाचं पाप माया नावावर लाव. तिथं जागा आहे.

तुह्या मामीलेही तुही आठवण येते. मी फक्त लिहितो.

डोमामामा

जिवती
४ नोव्हेंबर २०२४

ती. मामास सा. न.

आई पोचली. देवापुढं गाडी बंद केली तशी ती बिचकली. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाली, त्याचं वरती तसंही कठीणच आहे. मग खाली उतरून तिनं देवाले साऱ्या नातेवाइकांची नावं सांगितली. प्लेट गार, मीही गार.

निघताना दादा म्हणाला, बाजूले सरक, मी चालवून दाखवतो. पुढच्या वळणावर समोरून ट्रक आला. त्याले वाट देत दादानं गाडी अर्ध्या क्लचवरच तोलून धरली, वर मले शिकवणं चालूच. जळका वास सुटला. आईनं नाकाले पदर लावला अन् त्याले मागं बसाले सांगितलं.

वास जाईस्तोवर थांबलो. पुढचा सारा घाट मी चढवला. गाडी बोटभरही मागं सरकली नाई. विकाचं कोणी काढलं नाई. आईनं फर्मावलं आहे का परतीलेही गाडी मीच हाकाची. स्वप्निलले बसाचं नसंल तर बसचं तिकीट ती काढून देते.

माया अशीच राहू द्या, शिव्यांसकट.

तुमची भाची,
दामिनी