झारचा काळ आणि आमचं मंडळ

रविवार, ४ ऑक्टोबर १९८७
आज मंडळ स्थापन झालं. नाव: लोकसंस्था अभ्यास मंडळ. अध्यक्ष मी. निवड बिनविरोध, कारण नाव मीच सुचवलं आणि तेवढ्यात चहा आला. सचिव श्रीहरी, पोस्टातला, शाळेपासूनचा मित्र. नर्स अंजनाबाई आणि आमच्या शाळेतले दोन मास्तर सदस्य.

प्रेरणा त्या जाड पुस्तकाची. रशियन पुस्तकांची गाडी चांद्याला आली होती, तेव्हा घेतलं. झारच्या काळात साधं वाचनालय काढायचं तरी गव्हर्नरची परवानगी. डॉक्टरांच्या सभेत पोलीस अधिकारी बसायचा, विषय पटला नाही की सभा बंद. तरी लोकांनी मंडळं काढली, दुष्काळात अन्नछत्रं चालवली, पकडलेल्यांसाठी अर्ज केले. वाचताना डोळे भरून आले. अहेरीच्या या जंगलात असं मंडळ हवंच होतं. नागपूरहून रबरी शिक्का मागवला आहे. तो माझ्याकडे राहील.

रविवार, ११ ऑक्टोबर
पहिली सभा, शाळेच्या वर्गात. स्थापनेच्या बैठकीचा वृत्तांत वाचून कायम केला. त्यातच सगळा वेळ गेला, कारण एका मास्तरांना आपलं नाव दुसऱ्याच्या आधी हवं होतं. अंजनाबाईंना हिवतापाच्या गोळ्यांबद्दल बोलायचं होतं. त्यांना नम्रपणे सांगितलं, विषय आठ दिवस आधी अध्यक्षांकडे लेखी द्यावा, योग्य वाटल्यास घेतला जाईल. श्रीहरी म्हणाला, "तिथला गव्हर्नरबी असंच म्हणे ना गा?" तो पुस्तक नीट वाचत नाही, हीच अडचण आहे. गव्हर्नर बिनविरोध निवडून आलेला नव्हता.

बुधवार, १४ ऑक्टोबर
शिक्का आला. ठसा सुंदर उमटतो.
आज बाजारातून पोलिसांनी बुधूला उचललं. जंगलातल्या नक्षल्यांना भात खाऊ घातला असा संशय. बुधू सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. स्वभावाने गरीब, इतिहासात कच्चा. आता बांबू तोडायला जातो. संध्याकाळी त्याची आई, इतवारी, दारात येऊन बसली. "सर, तुमची सभा हाये म्हणते. शिक्का हाये म्हणते. माह्या पोराले सोडा म्हणून एक कागद द्या." तिला समजावलं की शिक्का असा उचलून मारता येत नाही, आधी ठराव लागतो. रविवारी बघू. ती बराच वेळ उठलीच नाही. मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. (नंतर थोडं गेलं.)

रविवार, १८ ऑक्टोबर
बुधूचा विषय आठ दिवस आधी आलेला नव्हता. नियम मी केला, मीच मोडला तर संस्था टिकेल कशी? अंजनाबाई चिडल्या. "आठ दिवसांत पोराचं का करतीन, ठावं हाये का सर तुमाले?" ठाऊक नाही असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. विषय पुढच्या रविवारी घेऊ, तोही पहिल्या क्रमांकावर. ही सवलत मी स्वतःहून दिली.

सोमवार, १९ ऑक्टोबर. सायं. ६
कॉन्स्टेबल बिरजू घरी आला. साहेबांनी विचारलंय, सभेत रशिया रशिया काय चालतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. थेट पुस्तकातलाच प्रसंग. त्याला चहा दिला, झारचा काळ थोडक्यात सांगितला. जाताना तो म्हणाला, "नोकरी पक्की हाये ना सर तुमची? मंग कायले पडता ह्या भानगडीत?"

सायं. ७
मांस उतरलं. विचार केला. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? यापुढे सभेचे विषय आधी ठाण्यात नेऊन दाखवायचे. कोणी मागितलेलं नसताना दाखवण्यात एक बाणेदारपणा आहे.

रविवार, २५ ऑक्टोबर
दिवाळी झाली. दोन्ही मास्तर आले नाहीत. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस, वडशाकडे नाटक बघायला गेले म्हणे. त्यांनी राजीनामेही पाठवले, ते नाटकामुळे नसावेत. बिरजू मात्र वेळेवर हजर, मागच्या बाकावर.
ठराव अंजनाबाईंनी लिहून आणला होता. त्यात 'तीव्र निषेध' होता. मी 'खेद' सुचवला. बिरजूने मान वर केली, तेव्हा 'नोंद घेण्यात येत आहे' असं सुचवलं. शेवटी भाषा सुधारायला उपसमिती नेमली. उपसमितीत मी. श्रीहरी आणि अंजनाबाई उठून गेले. मतभेद हे जिवंत संस्थेचं लक्षण आहे.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर
बुधूला चांद्याच्या जेलात हलवलंय. श्रीहरी आणि अंजनाबाई इतवारीला घेऊन तिकडे जाऊन आले. आत कोणी सोडलं नाही. तुम्ही कोण, कोणत्या संस्थेचे, असं विचारलं. दाखवायला कागद नव्हता. परतल्यावर श्रीहरी तडक माझ्याकडे. "भाऊ, एक शिक्का मारून दे. बाकी आमी पाहून घेतो."
मी विचारलं, अध्यक्षांना न विचारता सदस्य चांद्याला गेलेच कसे? तो शिक्क्याकडे बघत राहिला. त्याचं ते बघणं मला आवडलं नाही.
दोघांचं सदस्यत्व निलंबित. नोटीस माझ्याच दारावर लावली, कारण मंडळाचं ऑफिस तेच आहे.

रविवार, १ नोव्हेंबर
सकाळी विहिरीपाशी इतवारी दिसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मात्र सहन झालं नाही. ठरवलं, आज ठराव करायचाच. 'खेद' खोडून पुन्हा 'निषेध' लिहिला. इतवारीला निरोप धाडला, सभेला ये म्हणून.

सायं. ६
चार वाजता हजर: मी. मागच्या बाकावर बिरजू. दारात इतवारी. गणपूर्ती नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे कलम मीच घातलेलं. स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटलं. साडेचार वाजले.
मग उभा राहिलो. बिरजूसमोर ठराव वाचला. 'निषेध' मोठ्याने वाचला. आयुष्यात एवढं धाडस केलं नव्हतं.
सूचक, मी. अनुमोदक?
बिरजू खिडकीबाहेर बघायला लागला. इतवारीने विचारलं, का अडलं. तिला सांगितलं, आणखी एकाने बरोबर आहे असं म्हणावं लागतं. ती उभी राहिली. "मी म्हणतो ना सर. बरोबर हाये."
ती सदस्य नाही. तसं सांगावं लागलं. सदस्य कसं होतात, तिने विचारलं. अर्ज करायचा, एका सभेत तो मंजूर व्हायचा, पुढच्या सभेपासून मत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पोराला उद्या नागपूरला नेणार आहेत, तिथून पुढे कुठे ते कोणी सांगत नाही. पदर सारखा केला आणि गेली. मी हाक मारली नाही. हाक मारून काय सांगणार होतो.
फार वाईट वाटतं आहे. आज जेवण खरंच जाणार नाही.
ठराव अनुमोदकाअभावी बारगळला. तशी नोंद केली, खाली सही केली, शिक्का मारला. मंडळाच्या कागदावर पडलेला हा पहिलाच शिक्का.
मग आभारप्रदर्शन राहिलं होतं. ते बिरजूने केलं.